आगरोधक बॉयलर सूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, वणी, भद्रावती, कोरपना, मौदा, बुटीबोरी या पट्ट्यातल्या कामगारांकडून, सुपरवायझरांकडून आणि बरेचदा त्यांच्या घरच्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कागदावर याला एफआर (फ्लेम रेझिस्टंट, म्हणजे आगरोधक) कव्हरॉल म्हणतात, कामावर बॉयलर सूट किंवा डांगरी. खाली सोयीसाठी नुसतं ‘सूट’ म्हटलं आहे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आगरोधक म्हणजे हा सूट जळतच नाही का?

जळतो. ज्वाळेत धरला की काळा पडतो, कोळसा होतो. पण ज्वाळा बाजूला झाली की तो आपोआप विझतो, पेट धरून राहत नाही, आणि वितळून अंगाला चिकटत नाही. एवढ्यासाठीच तो घालायचा असतो.

तो किती वेळ देतो हे नीट समजून घ्या. भडक्याच्या आगीसाठी जी अमेरिकी चाचणी लावतात, एनएफपीए २११२, तीत सूट घातलेला पुतळा ३ सेकंद ज्वाळांमध्ये ठेवतात आणि शरीराचा किती भाग भाजला असता ते सेन्सरवरून मोजतात. हा आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला नाही तर सूट पास. म्हणजे पास झालेल्या सुटातही माणूस भाजू शकतो. सूट तुम्हाला पळायला काही सेकंद देतो, आगीत उभं राहून काम करायला देत नाही. पुढची बहुतेक उत्तरं हे थोडे सेकंद वाया कसे जातात याबद्दलच आहेत.

२. आमचा साधा बॉयलर सूट जाड कॉटनचा आहे. तो का नाही चालत?

साधं कॉटन वितळत नाही ही त्याची जमेची बाजू. पण एकदा पेटलं की ते विझत नाही, वातीसारखं जळत वर चढतं. पँटच्या पायाशी पेटलं तर काही क्षणांत छातीपर्यंत येतं. अशा अपघातात माणूस बहुतेकदा मूळ भडक्याने कमी आणि अंगावर जळत राहिलेल्या कपड्याने जास्त भाजतो. टेरिकॉट त्याहून वाईट. त्यातलं पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि कातडीत रुतून बसतं.

३. ट्रीटेड कॉटन घ्यावं की अरामिड?

ट्रीटेड कॉटनमध्ये सुती धाग्यावर फॉस्फरसयुक्त रसायनाची प्रक्रिया केलेली असते. तापल्यावर ते रसायन कापसाचा कोळसा बनवतं आणि जळाऊ वायू कमी सुटू देतं. हे कापड स्वस्त, अंगाला मऊ, वेल्डिंगच्या ठिणग्यांना चांगलं. पण जड असतं आणि चुकीच्या धुण्याने त्याचा गुण जातो (प्रश्न १० बघा).

अरामिड हा कृत्रिम धागा. तो मुळातच आगरोधक असतो, त्यामुळे गुण धुऊन जात नाही. ते हलकं आणि टिकाऊ, पण महाग. ऊन मात्र त्याला सोसत नाही. सतत कडक उन्हात वाळवलं तर रंग उडतो आणि धागा कमजोर होतो. वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडतात तिथे हलकं अरामिड घेऊ नका. त्यावर धातू चिकटून बसतो. तिथे जाड ट्रीटेड कॉटन किंवा खास त्यासाठी बनवलेलं कापड लागतं, ज्यावरून धातू घसरून पडतो.

आमचा कल सांगायचा तर: ज्या ठिकाणी कामगार सूट घरी नेऊन धुतात आणि कंपनीची लॉन्ड्री नाही, तिथे बजेट असेल तर अरामिड घ्यावं. घरच्या धुण्यात ट्रीटेड कॉटन मुकाट्याने खराब होतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

४. लेबलवर नेमकं काय बघायचं?

कॉलरच्या आत किंवा बाजूच्या शिवणीत लेबल शिवलेलं असतं. त्यावर मानकाचा क्रमांक, कापडाचं मिश्रण, धुण्याच्या सूचना आणि बनवणाऱ्याचं नाव हवंच.

आयएस १५७४८ हे उष्णतेजवळ काम करणाऱ्या औद्योगिक कामगारांच्या कपड्यांचं भारतीय मानक. वेल्डर आणि अग्निशमन दलाचे कपडे त्यात येत नाहीत. आयएसआय चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकला की लायसन्स कोणाचं, कशासाठी आणि चालू आहे की नाही हे कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, खरेदीआधी करा.

आयएसओ ११६१२ (उष्णता आणि ज्वाळेपासून वाचवणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) असेल तर पुढची अक्षरं वाचा. ए म्हणजे ज्वाळा पसरण्याला रोध, बी ज्वाळेची धग, सी लांबून येणारी आच, डी वितळलेलं ॲल्युमिनियम, ई वितळलेलं लोखंड, एफ गरम वस्तूचा स्पर्श. बी ते एफ या अक्षरांपुढचा आकडा जितका मोठा तितकं संरक्षण जास्त; ए पुढचा १ किंवा २ फक्त चाचणीची पद्धत सांगतो. भट्टीवरच्या माणसाच्या लेबलवर ई नसेल तर तो सूट त्याच्या कामाचा नाही, किंमत कितीही असो.

५. दुकानदार म्हणतो ओरिजिनल आहे. घरी तपासता येईल का?

बनावट माल पकडता येतो. चांगल्या मालाची खात्री मात्र घरी होत नाही, ती लॅबमध्येच होते.

पँटच्या आतल्या दुमडीतून बोटभर रुंद पट्टी कापा. अंगणात, वारा नसताना, पक्कडीत उभी धरा आणि खालच्या टोकाला १२ सेकंद लायटर लावा. लायटर काढल्यावर काय होतं ते बघा. साधं कॉटन पिवळ्या ज्वाळेने जळत वर चढेल, विझल्यावरही कडेला लाल ठिणगी सरकत राहील आणि मागे हलकी राखाडी राख उरेल. पॉलिएस्टर आकसेल, काळा धूर सोडेल आणि गरम थेंब टपकतील. आगरोधक कापड ज्वाळा काढताच विझायला हवं. लॅबच्या चाचणीत विझायला साधारण २ सेकंदांची मुभा असते. कोळसा झालेला भाग काळा, कडक आणि जागच्या जागी राहतो.

शिलाईचा धागाही असाच तपासा. कापड चांगलं आणि धागा पॉलिएस्टरचा, असे सूट बाजारात येतात (प्रश्न १२).

६. माझ्या कामाला कोणता सूट लागेल?

सगळ्यांना एकच सूट देऊन मोकळं होणं ही खरेदी विभागाची नेहमीची चूक. धोका वेगळा तर सूट वेगळा.

*औष्णिक वीज केंद्र, कोळसा हाताळणी.* इथे भीती कोळशाच्या भुकटीच्या भडक्याची. पूर्ण बाह्यांचा आगरोधक सूट पुरतो, पण त्यावर कोळशाची धूळ साचू देऊ नका, ती स्वतःच इंधन आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ झटकू नका: धूळ हवेत उडते, आणि उडालेलीच भडकते. बॉटम ॲश हॉपरजवळ (बॉयलरखाली राख जमते तिथे) मात्र वरून क्लिंकर, म्हणजे राखेचा तापलेला घट्ट गोळा, पाण्यात पडला की वाफ आणि उकळतं पाणी उसळतं. वाफेबद्दल प्रश्न ७ बघा.

*सिमेंट कारखाना, प्रीहीटर सायक्लोनचा जाम काढणं.* हे काम नुसत्या सुटावर करूच नका. खालच्या सायक्लोनमधलं हॉट मील, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या मालाची तापलेली भुकटी, ८०० अंशांच्या वर असतं आणि जाम सुटला की ते पाण्यासारखं वाहतं. कॉलर, मनगट, बुटाचं तोंड, जिथे फट मिळेल तिथे शिरतं. सुटाचं कापड टिकलं तरी आत गेलेली भुकटी माणसाला भाजते. ॲल्युमिनियमचा थर असलेला पूर्ण सूट, मान झाकणारा हूड, फेस शील्ड, लांब हातमोजे लागतात, आणि पँट बुटाच्या वरून बाहेर सोडलेली हवी. एअर ब्लास्टर (हवेच्या झोताने जाम फोडणारं यंत्र) बंद करून लॉक करा, खालच्या मजल्यांवरची माणसं हलवा आणि एका वेळी एकच पोक होल (जाम टोचायचं भोक) उघडा.

*फेरो अलॉय, स्टील, फाउंड्री.* ई कोड असलेलं जाड कापड. खिशांना झाकण हवं. पँटचा घोळ दुमडून ठेवू नका. त्या दुमडीत धातूचा थेंब अडकतो आणि तिथेच आरपार जळतो.

*सबस्टेशन, स्विचयार्ड, पॅनल.* इथे ‘एआर’, म्हणजे आर्क रेटेड कपडा लागतो. आर्क म्हणजे हवेतून उडणारा विजेचा झोत. एआर कपडा एफआर असतोच, पण प्रत्येक एफआर कपडा एआर नसतो. रेटिंग कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं. उघड्या कातडीला दुसऱ्या दर्जाचं भाजायला १.२ कॅलरी पुरते. एनएफपीए ७०ई या विजेच्या कामाच्या अमेरिकी मानकात पहिल्या वर्गाला किमान ४, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला २५ आणि चौथ्याला ४० असं रेटिंग हवं. तुमच्या पॅनलला किती लागेल हे आर्क फ्लॅश स्टडीतून ठरतं, अंदाजाने नाही. आणि हा सूट शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी व्होल्टेजप्रमाणे रबरी हातमोजे वेगळे.

*स्फोटकं, सॉल्व्हंट, पेट्रोलियम.* आगरोधकासोबत स्थिर वीज साचू न देणारा कपडा हवा, लेबलवर ईएन ११४९-५ बघा. हा गुण जमिनीशी जोड असेल तरच कामी येतो, म्हणून बूटही वीजवाहक हवेत. धोक्याच्या क्षेत्रात सुटाची चेन उघडू नका, सूट काढू नका. कापडावर कापड घासूनच ठिणगी पडते. स्फोटाच्या धक्क्यापासून कोणताही सूट वाचवत नाही.

*वेल्डर.* आयएसओ ११६११, वर्ग १ साध्या कामाला, वर्ग २ डोक्यावरच्या आणि जास्त शिंतोड्यांच्या कामाला. वरून चामडी एप्रन.

७. वाफ आणि ॲसिडपासून हा सूट वाचवतो का?

नाही. वाफ कापडातून आरपार जाते आणि कातडीवर पाणी होताना सगळी उष्णता तिथेच सोडते. भिजलेलं कापड अंगाला चिकटतं, मग ते झटकताही येत नाही. वाफ, ॲसिड आणि कॉस्टिकसाठी वेगळे सूट असतात.

८. मे महिन्यात ४६ अंशांत हा सूट घालून काम कसं करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॉयलरजवळ हा सूट खरंच जीव काढतो. पण बाह्या वर सरकवणं, चेन छातीपर्यंत उघडणं किंवा वरचा भाग कमरेला बांधणं म्हणजे सूट न घालण्यासारखंच आहे. हात, मान आणि छाती उघडी राहिली की भडका तिथेच लागतो.

घट्ट सूट मागू नका. ढगळ सुटात अंग आणि कापड यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. तोच आच अडवतो आणि वाराही खेळवतो. खरेदी करणाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी कमी वजनाचं कापड निवडावं, धोका परवानगी देत असेल तर. जड काम पहाटेच्या शिफ्टला लावा. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला सोडा, तहान लागायची वाट बघू नका. नवीन माणसाला पहिल्या दिवशी गरम जागेत पूर्ण वेळेच्या पाचव्या भागाइतकंच काम द्या आणि रोज तेवढंच वाढवा. दोन महिने गावी राहून परत आलेला जुना माणूसही शरीराच्या हिशोबाने नवाच असतो.

कोणी बरळायला लागला, घाम थांबला, चालताना तोल गेला तर सूट लगेच काढा, सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

९. सुटाच्या आत आणि वर काय चालतं?

आत शंभर टक्के सुती बनियन आणि सुती चड्डी. जाळीदार स्पोर्ट्स बनियन, नायलॉनचे मोजे, ट्रॅक पँट, थंडीतला ॲक्रिलिकचा स्वेटर चालत नाही. सूट पेटला नाही तरी त्यातून आत गेलेल्या उष्णतेने हे कपडे अंगावरच वितळतात. करदोडा बहुतेकदा नायलॉनचा असतो, तो सुती बांधा. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी काढून ठेवा. धातू तापतो, आणि विजेच्या कामात तो थेट धोका आहे. साडीवर सूट चढवून काम करणाऱ्या बायका काही ठिकाणी दिसतात. सिंथेटिक साडी असेल तर ते सर्वांत वाईट. त्यांना मापाचा सूट आणि आत सुती सलवार-कुर्ता द्या.

वरच्या कपड्याची चूक जास्त होते, कारण ती सुरक्षेच्या नावाखाली होते. गेटवर मिळणारं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट साध्या पॉलिएस्टरचं असतं. ते हजारोंच्या सुटावर घातलं की सगळ्यात बाहेरचा थर पेटणारा झाला. पावसाळ्यातला प्लास्टिकचा रेनकोट तसाच. दोन्ही गोष्टी आगरोधक कापडात मिळतात, त्याच मागवा. पट्ट्या सुटावरच शिवून घेतल्या तर जॅकेटची गरजच उरत नाही.

आणि दुपट्टा. उन्हाळ्यात आपल्याकडे तो तोंडाला बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. गेटपर्यंत जरूर बांधा, पण लोंबणारं टोक घेऊन भट्टीजवळ किंवा फिरत्या कन्व्हेयरजवळ जाऊ नका. आत आगरोधक कापडाचा हूड घाला.

१०. घरी कसा धुवायचा?

उलटा करा, चेन लावा, घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. पाणी कोमट, ६० अंशांच्या वर नको. ब्लीच नसलेली डिटर्जंट पावडर किंवा द्रावण वापरा; बऱ्याच पावडरींमध्ये डाग काढण्यासाठी ऑक्सिजन ब्लीच असतं, पाकीट वाचून घ्या. ब्लीचिंग पावडर आणि ब्लीच ट्रीटेड कॉटनवरची प्रक्रिया उखडतात. सॉफ्टनर, खळ, स्टार्च नको. हे सगळे कापडावर जळाऊ थर ठेवतात. दगडावर आपटू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा आणि सावलीत वाळवा.

आता साबणाच्या वडीबद्दल, कारण आपल्या भागात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अनेक गावांत बोअरचं पाणी जड आहे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते हे पाणी. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पांढरट चिकट साका बनवतं. बादलीच्या कडेला जो दिसतो तोच. हा साका धाग्यांमध्ये बसतो आणि तो चरबीचा असल्यामुळे जळतो. चांगला सूट सहा महिने वडीने धुतला की त्यावर मेणाचा पातळ थर चढल्यासारखं होतं. म्हणून वडी नकोच, डिटर्जंटच वापरा आणि शेवटचं पाणी जमल्यास नळाचं किंवा पावसाचं घ्या.

११. ग्रीसचे डाग मातीच्या तेलाने काढले तर?

कधीच नको. मातीचं तेल, डिझेल, पेट्रोल, थिनर यांनी डाग जातो, पण तेल धाग्यात उरतं. वास गेला म्हणजे तेल गेलं असं होत नाही. ग्रीसवर द्रव डिटर्जंट बोटाने चोळा, अर्धा तास ठेवा, मग धुवा. दोन धुण्यांनंतरही डाग तेलकट लागत असेल तर तो सूट कामातून काढा. ड्युटीवर असताना अंगावर तेल सांडलं तर शिफ्ट संपायची वाट बघू नका, लगेच बदला. तेल पेटलं तर खालचं कापड आगरोधक असून उपयोग नाही. म्हणूनच प्रत्येकाला किमान दोन, आणि तेलाचं काम असेल तर तीन सूट हवेत.

१२. उंचीला लांब आहे, गावच्या टेलरकडून कमी करून घेऊ का? फाटलं तर ठिगळ?

घ्या, पण धागा अरामिडचा आणि ठिगळ त्याच कापडाचं द्या. टेलरकडचा नेहमीचा धागा पॉलिएस्टरचा असतो. आगीत तो आधी वितळतो आणि शिवण उसवून सूट ऐन वेळी उघडतो. इस्त्रीने चिकटवायचे ठिगळ, प्लास्टिकची बटणं, कंपनीचा मोठा रबरी छाप, भरतकामाचा साधा धागा, हे सगळं टाळा. धातूची चेन आत कातडीला लागू नये म्हणून पुढेमागे कापडाची पट्टी असते, ती कापून टाकू नका.

१३. किती वर्षं चालतो?

वर्षांवर जाऊ नका. ट्रीटेड कॉटनला बनवणारा किती धुण्यांची हमी देतो ते लेबलवर किंवा माहितीपत्रकात बघा आणि आतल्या पट्टीवर मार्करने धुण्यांची नोंद ठेवा. दर आठवड्याला सूट उजेडासमोर धरा. गुडघा, कोपर आणि बुडाशी उजेड आरपार दिसला तर कापड झिजलं. भोक, उसवलेली शिवण, बंद न होणारी चेन, न जाणारा तेलाचा डाग यापैकी काहीही असेल तर दुरुस्ती किंवा बदली. एकदा भडक्यात सापडलेला सूट दिसायला चांगला असला तरी परत घालू नका.

१४. बाद झालेला सूट शेतात फवारणीला वापरू का?

नको, आणि हे आम्ही कळकळीने सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवतं. हा सूट रसायन अडवत नाही, उलट शोषून अंगाशी धरून ठेवतो. बऱ्याच कीटकनाशकांत जळाऊ द्रावक असतं. तोच सूट धुऊन पुन्हा ड्युटीवर घातला तर आग आणि विष दोन्ही अंगावर. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळायलाही तो घालू नका, बाद सुटावर भरवसा ठेवून माणूस जाळाच्या जास्त जवळ जातो. कंपनीने सूट बाद करताना बाह्या आणि पाय कापूनच टाकावा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या अंगावर चढणार नाही.

१५. ठेकेदार सुटाचे पैसे पगारातून कापतो. बरोबर आहे का?

नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ११४ मध्येच म्हटलं होतं की मालकाने द्यायच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही सुरक्षेसाठी केलेल्या कशाचाही खर्च कामगारावर टाकायला मनाई आहे. ठेक्यावरचा कामगार असला तरी त्याच्या अंगाला लागणारी आग वेगळी नसते. पगारपत्रक जपून ठेवा, आधी सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. कोळसा खाणीत असाल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे.

१६. जिनिंगमध्ये लागतो का?

रोजच्या रेच्याच्या (कापसातून सरकी काढायच्या यंत्राच्या) कामाला सूट हा पहिला उपाय नाही. तिथे आधी रुईचे पुंजके, धूळ आणि तापलेली बेअरिंग सांभाळा. हंगामाआधी मशीनवर वेल्डिंग-कटिंग करणाऱ्याला मात्र लागतोच, आणि त्याच्या सुटावर चिकटलेली रुई आधी झटकून घ्या. सूट पेटत नसला तरी रुई पेटते.

१७. सूट घालूनही आग लागली तर?

पळू नका. जागच्या जागी आडवे व्हा, चेहरा हातांनी झाका आणि लोळा. आग विझली की चेन उघडून सूट लगेच काढा, कारण तापलेलं कापड आतून भाजतच राहतं. जिथे कापड कातडीला चिकटलं असेल तिथे ओढू नका, भोवतीने कापा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई, माती यातलं काहीही लावू नका; डॉक्टरला आधी ते खरवडून काढावं लागतं. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका, अंगठी आणि घड्याळ सूज यायच्या आत काढा, १०८ ला फोन करा. विजेच्या आर्कने किंवा शॉकने भाजलेला माणूस बोलत-चालत असला आणि जखम नखाएवढी असली तरी त्याला दवाखान्यात न्याच. वीज आतून गेलेली असेल तर त्रास हृदयाला होतो आणि तो नंतर दिसतो. जळालेला सूट फेकू नका, पिशवीत घालून सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्या: तो कुठे उघडला, कुठे टिकला हे त्याच कापडावर वाचता येतं.